उतरत्या पाण्याची भीती

रायपुरात तेलीबांध्याच्या तलावासमोर एक चार मजली इमारत आहे. तिथला नळ गेला की बायका निगमच्या नावानं बोटं मोडतात आणि बादल्या घेऊन खाली टँकरची वाट पाहतात. तिसऱ्या मजल्यावरची क्षमा ठवकर मात्र आधी गॅलरीत जाऊन उभी राहते. खाली रस्ता, पलीकडे तलाव, त्यापलीकडे नव्या राजधानीकडे जाणाऱ्या गाड्या. पाहण्यासारखं तिथे काही नसतं. पाच-सात मिनिटं ती पाहते आणि आत येऊन नवऱ्याला सांगते, "काही नाही."

"काय राहणार आहे?" दिवाकर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो. तो रेल्वेच्या विभागीय कचेरीत हेडक्लार्क आहे. "नळ गेला म्हणून पूर येत असता, तर आपलं नागपूर कवाच वाहून गेलं असतं."

लग्नाला सतरा वर्षं झाली, विनोद तोच आहे. क्षमा हसतेही. पण हात धुताना डाव्या हाताची बोटं गार पडलेली असतात, ती चोळत बसते. वाढतं पाणी पाहून तिला काही होत नाही. पाणी वाढलं की किती वाढलं ते मोजायचं, कुठवर येईल त्याचा हिशेब करायचा, हे तिचं काम आहे आणि ते ती शांतपणे करते. तिला भीती वाटते ती कमी होणाऱ्या पाण्याची.

ही भीती तिने हिमाचलमधून आणली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, नागपूरहून भूगोलात एम.ए. करून डोंगरी नद्यांच्या अचानक येणाऱ्या पुरांवर पीएच.डी. करत होती. बरोबर पुष्कर नावाचा पुण्याचा मुलगा होता. त्याचा विषय नदीपात्राचा आकार, हिचा पाण्याची उंची. एका अरुंद खोऱ्यात दोघांनी दोन पावसाळे काढले. खडकावर रंगाने पट्ट्या मारायच्या, दर अर्ध्या तासाने पाणी वाचायचं, जुन्या माणसांना विचारून मागच्या पुरांच्या खुणा शोधायच्या. सामान वाहायला एक खेचरवाला होता. जेवणाला राजमा आणि भात, रोज.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी पट्टीवर चौऱ्याऐंशी सेंटीमीटर पाणी होतं. पाऊस पडत होता. अर्ध्या तासाने क्षमाने पाहिलं तर एकतीस. तिने आकडा वहीत लिहिला आणि वर तंबूत बसलेल्या पुष्करला हाक मारली. सगळा पावसाळा तो पात्राची मापं घ्यायची वाट पाहत होता आणि पाणी त्याला आत पाय घालू देत नव्हतं. ती म्हणाली, "लवकर ये, अशी संधी परत मिळायची नाही." पुष्कर टेप घेऊन उतरला. दगड उघडे पडले होते. तो या काठाहून त्या काठाकडे निघाला आणि ती इकडून आकडे लिहून घेऊ लागली. सात आकडे लिहून झाले.

वर दोन किलोमीटरवर कडा कोसळून नदी अडली होती. पाणी उतरलं होतं ते त्यामुळे. खेचरवाल्याला ते कळलं. तो चहाचं पातेलं टाकून ओरडत खाली धावत आला, पण त्याच्या बोलीतला एक शब्दही दोघांना समजला नाही. क्षमाला आधी वास आला, ओल्या मातीचा, नुकती विहीर खणावी तसा. मग आवाज आला. पुष्कर नऊ किलोमीटर खाली सापडला, तीन दिवसांनी.

प्रबंध तिने पूर्ण केला. ते सात आकडे परिशिष्टात आहेत. परीक्षकांनी त्यांच्याबद्दल काहीच विचारलं नाही.

पुढे दिवाकरचं स्थळ आलं. मुलगा रायपूरला असतो असं कळल्यावर तिने नकाशा काढून जमिनीची उंची पाहिली. महानदीचं सपाट खोरं. किलोमीटरला जेमतेम मीटरभर उतार. डोंगर नाही, कडा नाही, कोसळायला काही नाही. तिने होकार दिला. घरच्यांना वाटलं, मुलगा पसंत पडला. तोही पडला होता, पण नंतर.

काही वर्षं तिने कॉलेजात शिकवलं. मग छत्तीसगड वेगळं झालं, नवी राजधानी आखायला माणसं लागली आणि पर्यावरणाचा आराखडा करणाऱ्या कचेरीत तिला घेतलं. काम तिला आवडलं. उपग्रहाचं जे चित्र कचेरीत लावलं होतं ते मे महिन्यातलं होतं, म्हणून गावोगावचे आटलेले तलाव त्यात पडीक जमीन दिसत होते आणि कागदावर त्यांच्यावरून रस्ते गेले होते. क्षमा गावागावांत फिरली. कुठला तलाव भरला की पाणी कुठल्या तलावात जातं, हे म्हाताऱ्यांना विचारून तिने एकेक तलाव नकाशावर परत आणला. लोक तिला तलाववाली दीदी म्हणू लागले.

नाल्यांवर तिने पट्ट्याही रंगवून घेतल्या. कुर्रा नाल्याच्या पुलाखाली, खांबावर, अशीच एक पट्टी होती. तिच्या शेजारी, नाल्याच्या अगदी काठावर, एका गावाचा खालचा भाग होता. त्याला सगळे खाल्हेपारा, म्हणजे खालची वस्ती, म्हणत. शेहेचाळीस घरं, बहुतेक मातीची. पट्टी वाचायला हरिदास होता, शाळेचा निवृत्त चपराशी, वक्तशीर माणूस. पाऊस असला की तासातासाला त्याचा फोन येई, हिंदीत मराठी मिसळून.

राज्य होण्याआधीच्या कुठल्याच नकाशात नसलेला एक रस्ता आता खाल्हेपाऱ्याच्या वर दीड किलोमीटरवर नाला ओलांडत होता. तीन मीटर उंच भराव आणि त्यातून पाणी जायला चार सिमेंटचे पाइप. क्षमाने आराखड्यात तिथे पूल मागितला होता. चार पाइप झाले.

एका पावसाळ्यात पुलाखालचं पाणी असंच अचानक उतरलं, आणि क्षमाने आकांत करून अख्खा पारा शाळेत नेऊन बसवला. काहीच झालं नाही. वरच्या एका शेतकऱ्याने आपल्या बांधाचं तोंड फोडून रोपांना पाणी घेतलं होतं, एवढंच. लोक संध्याकाळी घरी गेले. तेव्हापासून कचेरीत ती तलाववाली दीदी राहिली नाही, पूरवाली दीदी झाली. वरिष्ठांनी तिला बोलावून सौम्य शब्दांत सांगितलं, की सूचना देण्याआधी जागेवर जाऊन खात्री करत जा.

तिला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला वेगळीच काळजी लागली. आपल्याला जे कळतं ते कुठे संपतं आणि जी भीती वाटते ती कुठे सुरू होते, हे आपल्याला ओळखता येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

पुढचा ऑगस्ट. तीन दिवस पाऊस लागून होता. तिजाचा, इथल्या हरतालिकेचा, आदला दिवस, म्हणजे लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी माणसं दुप्पट. रात्री करूभात. उद्याचा निर्जळी उपास धरायच्या आधी कारल्याची भाजी आणि भात खायचा, तोही एका घरी नाही, चार घरी हिंडून. खाल्हेपाऱ्यात दुपारपासूनच कारली चिरली जात होती.

बारा वाजता हरिदासने एक मीटर नव्वद सांगितलं. एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज हसरा होता.

"दीदी, साठ."

"एक साठ?"

"नाही, साठ सेंटीमीटर. उतर गया पानी. बारिश तो चालू है, पर पानी उतर गया. सब लोग मछरी पकड़ रहे हैं."

"कुठे?"

"नाल्यात, और कहाँ? टोकन्या घेऊन उतरलेत. बहुत मछरी है, दीदी. तुमच्यासाठी ठेवू?"

क्षमाने कचेरीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. पाऊस तसाच पडत होता, उभा आणि जाड. तिची बोटं गार पडली. एक नव्वदवरून साठ, एका तासात, भर पावसात. बांध फोडून रोपांना पाणी घेणारा शेतकरी भर पावसात कशाला पाणी घेईल? हा प्रश्न बरोबर होता. पण मागच्या वर्षीही तिच्याकडे असाच एक बरोबर वाटणारा प्रश्न होता.

रस्त्यांचं काम पाहणारा शेखर जेवणाचा डबा उघडत होता. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला हा इंजिनिअर. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि रागात दोन्ही एकदम. क्षमा त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, म्हणून तिला ताई म्हणायचा.

"शेखर, जीप काढ. कुर्रा नाल्यावरच्या रस्त्यावर जायचं आहे."

"ताई, मागच्या साली तुम्ही अख्ख्या पाऱ्याले शाळेत बसवलं अन् नाल्यात बदकं पोहून राहिली होती."

"मले आठवते. डबा झाक अन् चल."

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहून उठला. वाटेत तिने हरिदासला परत फोन लावला.

"सगळ्यांले नाल्यातून वर काढा."

"कोन सुनथे, दीदी? मागच्या सालची गोष्ट करतात. हसतात."

"माणसं किती आहेत आत?"

"चालीस-पचास असतील. बच्चे अलग."

वायपर चालत होते तरी समोरचं काही दिसत नव्हतं. क्षमाला दिसत होते ते उघडे पडलेले दगड आणि टेप घेऊन वाकलेला एक माणूस. अडलेलं पाणी, कोसळलेला कडा, भरावाचा धोका, यातलं काही समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि सांगून कुणी ऐकणार नव्हतं. तिला एकच वाक्य सुचलं.

"हरिदास, त्यांना सांगा, ऊपर से पानी छोड़ रहे हैं. चार बजे."

हरिदासने खात्री करून घेतली.

"सरकारी?"

"हव. सरकारी."

"अभी बोलता हूँ," हरिदास म्हणाला आणि फोन कट झाला.

धरणाचं पाणी सोडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. भोंगा वाजतो, तारीख असते, वेळ असते, साहेब असतो. त्याला कुणी हसत नाही. दहा मिनिटांत हरिदासने कळवलं, की नाला रिकामा झाला, गावचा चौकीदार कोटवार हाका देत फिरतोय आणि बायका म्हाताऱ्यांना घेऊन शाळेकडे निघाल्यात.

शेखरने सगळं ऐकलं होतं. त्याने गाडीचा वेग वाढवला. मग म्हणाला, "ताई, कोण सोडून राहिलं पाणी?"

"अजून कोणी नाही."

दोन वाजून पाच मिनिटांनी ते भरावावर पोचले. डाव्या हाताला, खालच्या बाजूला, पाइपांतून चार बारीक धारा पडत होत्या. उजव्या हाताला शेतं नव्हती. मळकट, हलणारं पाणी नजर पोचेल तिथवर होतं. विजेचे खांब कमरेपर्यंत बुडाले होते. बाभळीची झुडपं, बांबू, ठेकेदाराच्या सेंट्रिंगच्या फळ्या, प्लॅस्टिकचे कागद हे सगळं पाइपांच्या तोंडाशी येऊन घट्ट बसलं होतं. पाण्याची पातळी रस्त्याच्या माथ्याखाली हातभर राहिली होती आणि पाऊस चालूच होता.

आपलं बरोबर निघालं, याचा क्षमाला आनंद झाला नाही. मागच्या वर्षीसारखी आपण चुकलेलो असू, अशी आशा ती वाटभर धरून होती. ती आता उरली नाही.

ती भरावाच्या खालच्या उतारावरून चालत गेली. दोन ठिकाणी मातीतून गढूळ पाणी झिरपत होतं. तिने वाकून बोट लावलं. पाण्याबरोबर बारीक रेती येत होती, म्हणजे भराव आतून पोखरला जात होता. तिथे वास आला, ओल्या मातीचा. ती झटकन उभी राहिली आणि पाय सरकून उतारावर बसली. शेखरने हात देऊन वर ओढलं.

"किती वेळ टिकन?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. संध्याकाळपर्यंत, रात्रीपर्यंत. नाहीतर आत्ता."

"टिकूनही जाईल."

"टिकूनही जाईल," ती म्हणाली. "फुटला तर सगळा एकदम फुटेल. खाली माणसाच्या वर पाणी जाईल, दहा मिनिटांत. आपणच एका टोकाला कापला तर हळूहळू जाईल."

"हळूहळू म्हणजे खाल्हेपाऱ्यात किती?"

"कंबरभर. काठची घरं जातील. दोन, तीन."

शेखरने रस्त्याकडे पाहिलं. पावसाळ्याच्या तोंडावरच डांबर पडलं होतं, पांढऱ्या पट्ट्या ओल्या चकचकत होत्या. "म्हणजे मी माझा नवाकोरा रस्ता कापायचा, अन् तीन घरंही पाडायची, अन् तो टिकला असता की नाही हे कोणाले कधी कळणारच नाही."

"नाही कळणार."

"साहेबाले फोन लावतो." त्याने लावला. साहेब बैठकीत होते. परत लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, जागेवर असलेल्या अधिकाऱ्याने आपल्या जबाबदारीवर योग्य तो निर्णय घ्यावा. शेखरने फोन खिशात ठेवला.

"ताई, लिहून द्या. तुमच्या सहीनं. नाहीतर माझी नोकरी गेली."

तिने जीपच्या बॉनेटवर, त्याच्याच नकाशाच्या पाठीमागे, लिहिलं. अक्षर पावसाने पसरलं, म्हणून आत बसून पुन्हा लिहिलं. रस्ता कोणत्या ठिकाणी, किती रुंद, किती खोल कापावा, आणि तो माझ्या सांगण्यावरून कापला जात आहे. खाली सही केली.

ठेकेदाराची जेसीबी तिथेच उभी होती. जिथे खाली मुरुम कठीण होता आणि पाणी शेतांवरून फिरून जाण्याची शक्यता होती, तिथे उत्तरेच्या टोकाला क्षमाने जागा दाखवली. तीन वाजता डांबर उखडायला सुरुवात झाली. हातभर रुंदीच्या चरातून आधी पाणी पन्हाळीसारखं गेलं. ऑपरेटर खुश झाला. पंधरा मिनिटांत पाण्याने चर स्वतःच चार हात केला, मग दहा हात. ऑपरेटरने यंत्र मागे घेतलं. कडेचे डांबराचे तुकडे ताटांसारखे सुटून जाऊ लागले. क्षमाला वाटलं, आपण अंदाज चुकलो, मुरुम धरत नाही, हे आता थांबणार नाही आणि हे आपण स्वतः उघडलं आहे. तिने हरिदासला फोन लावला. शाळेत सगळे आले का? तो मोजत होता. शेहेचाळीस घरांतली पंचेचाळीस आली होती.

"कोण राहिलं?"

"अंजनाबाई. उसकी बेटी आई है. भाजी चूल पे है, बोलती है. चार बजे बोले थे ना, अभी टाइम है बोलती है."

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. चार ही वेळ क्षमानेच दिली होती, गाडीत बसून, मनानं. तीन का नाही म्हणाली?

"हरिदास, ओढून काढा तिले. आत्ता."

फोन चालूच राहिला. क्षमाने धावण्याचा आवाज ऐकला, धापा ऐकल्या, चिखलात चप्पल अडकून तुटल्याचा आवाज ऐकला. मग एक बाई मराठीत भांडताना ऐकू आली, भंडाऱ्याकडच्या मराठीत. "अरे, कारलं करपून राहिलं ना! सरकारचं पानी चारले येते, तुले काय घाई?" मग भांडं पडलं. मग पोरगी किंचाळली, "माय, पाय ओले झाले." त्यानंतर फक्त पाणी ऐकू आलं. सहा मिनिटं. शेखर शेजारी उभा राहून तिच्याकडे पाहत होता आणि ती फोन कानापासून हलवत नव्हती.

"आ गए, दीदी," हरिदास म्हणाला. "शाळा में हैं. तीनों. बाई लय गाली दे रही है."

क्षमा रस्त्यावरच बसली, पांढऱ्या पट्टीवर. तिच्यासमोर चर तीस हात रुंद होऊन थांबला. मुरुमाने धरलं होतं.

खाल्हेपाऱ्यात कंबरभर पाणी आलं. काठची तीन घरं गेली, त्यातलं एक अंजनाबाईचं. चार बकऱ्या, बऱ्याच कोंबड्या, पन्नासेक एकरांतलं धान गेलं. माणूस एकही गेला नाही. त्या रात्री पाऱ्यात करूभात झालं नाही. लेकींनी शाळेच्या फरशीवर उपाशीपोटी बसून दुसऱ्या दिवशीचा निर्जळी उपास धरला.

रस्ता अकरा दिवसांत पुन्हा बांधला. चारच्या जागी सहा पाइप घातले. क्षमाने तिथे पूलच हवा असं टिपण दिलं. ते पुढे सरकलं आणि नस्तीला लागलं. चौकशीत तिला विचारलं, भराव फुटणारच होता याचा पुरावा काय? फुटलेल्या पुराच्या खुणा ती खडकावर, झाडावर, भिंतीवर दाखवू शकत होती. न फुटलेल्याच्या खुणा नसतात. ती म्हणाली, पुरावा नाही. तिला लेखी समज मिळाली.

फेब्रुवारीत ती खाल्हेपाऱ्यात गेली तेव्हा तिला वाटलं होतं, काठची जागा आता रिकामी असेल. तिथे जोती बांधली जात होती. तीन नव्हे, सात. वरून रस्ता गेल्याने जागेला भाव आला होता, आणि ज्यांची घरं पूर्वी वर होती त्यांची मुलंही खाली काठाशी बांधत होती. क्षमा त्या जोत्यांपाशी उभी राहिली आणि तिची बोटं गार पडू लागली.

अंजनाबाई विटा झेलत होती. तिने क्षमाला ओळखलं. बाजेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग समोर उभी राहून म्हणाली, "तुमी आपल्या मुलखाच्या, म्हनून तोंडावर बोलून राहिली. माझ्या पोरीचं करूभात बुडवलं तुमी. घर तर बुडवलंच."

"अंजनाबाई, इथे काहून बांधता? पाणी परत येईल."

"कसं येईल? तुमी सोडलं म्हनून आलं. आता कोन सोडते? हरिदास सांगे, तुमाले साहेबानं झापलं. आता तुमी नाही सोडनार."

"मी सोडलं नव्हतं. ते वर अडलं होतं. आपणहून येणारच होतं. भराव फुटला असता तर तुम्ही कोणी राहिले नसते."

"तुमीच तर सांगितलं. चारले सरकार पानी सोडते म्हनून."

"ते मी खोटं सांगितलं. तुम्ही नाल्यातून निघत नव्हते."

अंजनाबाईने हातातली वीट खाली ठेवली. गवंडी थांबून ऐकू लागला. बाजूच्या जोत्यावरचे दोघे जवळ आले.

"मंग तवा खोटं बोलल्या, का आता बोलून राहिल्या?" ती म्हणाली. रागावून नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

क्षमाने सगळं सांगितलं. पाइप, फळ्या, झिरपणारी रेती. तिने त्यांना डोंगरातली नदीही सांगितली, जी तिने दिवाकरलाही पुरती सांगितली नव्हती. पाणी उतरलं की मासे धरायला जाऊ नका, पळा, असं तीनदा सांगितलं. लोकांनी आदराने ऐकलं. मग बाजूच्या जोत्यावरचा एक जण हिंदीत म्हणाला, दीदी दोन सालांपूर्वी पण हेच म्हणाल्या होत्या आणि तेव्हा काही झालं नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी सोडलं तेव्हा झालं. इतरांनी माना डोलावल्या. हिशेब साधा होता आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेच ते सांगत होते.

क्षमा उठली. पुराच्या दिवशीची पातळी तिने शाळेच्या बाजूच्या भिंतीवर मोजून ठेवली होती. भराव एकदम फुटला असता तर पाणी कुठवर आलं असतं, तेही तिने काढलं होतं. तिने जोत्याला हात लावून पाहिला. विटांचे चार थर झाले होते.

"अजून किती थर देणार?" तिने गवंड्याला विचारलं.

"बस, दीदी. चारच."

"वाढवा. अजून अकरा द्या."

गवंडी हसला. अंजनाबाईही हसली. "अकरा? मंग पोट्टे शिडी लावून घरात जातील."

"मग आठ द्या. मी मापून दाखवते."

"बाई, विटा कुठून आनू?"

"पाच तरी."

अंजनाबाई तिच्याकडे पाहत राहिली. क्षमाचा डावा हात जोत्यावरच होता आणि तो हलत होता. अंजनाबाईने ते पाहिलं. दारात आलेली, घाबरलेली एक बाई, शिकलेली, आपल्या मुलखाची. तिने गवंड्याकडे वळून सांगितलं, "एक थर वाढव रे. यांच्या जिवाले बरं वाटन."

गवंड्याने दोरी वर बांधली. क्षमा बाजेवर बसून राहिली. पाचवा थर चारी बाजूंनी पुरा होईपर्यंत ती उठली नाही.